उंबऱ्याजवळची एक फरशी

आमच्या धंद्यात एक चाल आहे. ती कुणी शिकवत नाही, पण सगळे कंत्राटदार पाळतात. काम ठरलं की दुसऱ्याच दिवशी दोन माणसं आणि घण घेऊन जायचं आणि गिऱ्हाइकाचं स्वयंपाकघर नाहीतर न्हाणीघर फोडून यायचं. याला आम्ही घर उघडणं म्हणतो. एकदा घर उघडलं की गिऱ्हाईक कुठे जात नाही. जाणार कुठे? ओटा मागच्या दारी पडलाय, नळाला फडकं बांधलंय, अशा वेळी दुसरा कंत्राटदार कोण शोधत बसणार? मग आपण सावकाश दुसरं घर उघडायचं, तिसरं उघडायचं. माझी एका वेळी चार-चार घरं उघडी असायची आणि मी त्याला धंदा वाढला असं म्हणायचो.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे मी रडगाणं गायला लागलो तर तुम्ही फार मनावर घेऊ नये. गोष्ट माझी नाहीच. गोष्ट काटकोनची आहे.

काटकोन म्हणजे आमचा फरशी बसवणारा मिस्त्री. खरं नाव वेगळं, पण ते कुणी कधी घेतलं नाही. काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या त्याच्या कापडी पिशवीत कायम असायचा. कामाला जाताना असायचाच, पण कुणाकडे चहाला बोलावलं तरी असायचा. पहिल्यांदा माझ्या घरी आला तेव्हा बसायच्या आधी भिंतीच्या कोपऱ्याला गुण्या लावून बघितला आणि माझ्या बायकोला म्हणाला, सूनबाई, घर छान आहे, पण हा कोपरा खोटं बोलतो. बायकोला इतकं हसू आलं की चहा उतू गेला. तेव्हापासून आमच्याकडे कुणी थापा मारायला लागलं की ती म्हणते, कोपऱ्यात जाऊन बसा.

बुटका, काटक माणूस. उकिडवं बसून बसून गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे उभा राहिला की आधी भिंत धरायचा. बोलणं बेताचं. मजूर त्याची टिंगल करायचे, की काका भाकरीसुद्धा गुण्या लावून मोडत असतील. तो म्हणायचा, मोडतो की, तुम्ही नाही मोडत? फरशी केसभर वर-खाली झाली तर उचलायचा आणि पुन्हा बसवायचा, मग समोर गिऱ्हाईक असो की मी बोंबलत असो.

आणि त्याची एक खोड होती. सगळी जमीन झाली की उंबऱ्याजवळची एक फरशी तो मुद्दाम ठेवायचा. सिमेंटचा माल पसरून, सगळं तयार करून घरातल्या माणसाला हाक मारायचा आणि ती शेवटची फरशी त्यांच्या हातानं ठेवून घ्यायचा. तळवा टेकवा, दाबा, बास. मग स्वतः रबरी हातोडीनं दोन ठोके द्यायचा. म्हणायचा, घर तुमचं, शेवटचा हात तुमचा. लोकांना गंमत वाटायची. काहींना हात खराब होतील म्हणून नको वाटायचं, पण नाही कुणी म्हणत नसे. मला मात्र हा सगळा वेळेचा खोळंबा वाटायचा, आणि तसं मी त्याला दर वेळी ऐकवायचो.

ऐकवायचो म्हणजे काय, एकोणिसाव्या वर्षी मी त्याच्याच हाताखाली माल कालवायला लागलो होतो. थापी धरायला त्यानं शिकवलं. वर्षभर शिकवलं आणि मग म्हणाला, तुझा हात कच्चा आहे, तोंड पक्कं आहे, तू कंत्राटदार हो. त्यानं थट्टा केली होती आणि मी झालो. परीक्षा दिली, परवाना काढला, दारावर नंबरासकट पाटी लावली. काटकोन माझ्याकडे कामाला आला. दोघंच असलो की मला अरे-तुरे करायचा, गिऱ्हाइकासमोर साहेब म्हणायचा. सव्वीस वर्षं असंच चाललं.

मधल्या काळात नियम बदलला. जुन्या कारागिरांना परीक्षेशिवाय छोटा परवाना मिळायला लागला. अटी दोनच, अर्ज साठीच्या आत हवा आणि ज्या परवानेवाल्याकडे शेवटची सात वर्षं काम केलं त्याच्या सहीचा दाखला हवा. काटकोननं माझ्याकडे दाखला मागितला. त्याला काही मोठी बांधकामं घ्यायची नव्हती. एक घर घ्यायचं, ते पुरं करायचं, मग दुसरं घ्यायचं, एवढाच त्याचा बेत. आणि दारावर पाटी. मुलीच्या सासरी कुठल्याशा फॉर्मवर वडिलांच्या धंद्यापुढे मजूर लिहिलं होतं, ते त्याला लागलं होतं. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही फरशी घासता घासता, माझ्याकडे न बघता.

मी देतो म्हणालो. त्या वर्षी म्हणालो, पुढच्या वर्षी म्हणालो, त्याच्या पुढच्या वर्षी म्हणालो. आज फॉर्म संपलेत, उद्या शिक्का सापडत नाही. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. त्याच्या हातात परवाना आला की माझ्याकडे उरतं काय? माझी गिऱ्हाइकं मला नव्हे, त्याच्या फरशीला बघून यायची. हे मला पक्कं ठाऊक होतं. बायकोलाही ठाऊक होतं. ती म्हणायची, अहो, देऊन टाका ना, त्याचं काय लोणचं घालणार आहात? मी म्हणायचो, तुला धंद्यातलं कळत नाही.

अशातच नर्सबाईंचं काम आलं. दवाखान्यात नोकरी करणाऱ्या बाई, पन्नाशीच्या, घरात त्या आणि त्यांची मोठी बहीण. बहिणीला दिसत नव्हतं. पूर्वी दिसायचं, मग हळूहळू गेलं. त्यांच्या घरात बैठकीच्या खोलीपेक्षा स्वयंपाकघर एक पायरी खाली होतं, आणि त्या पायरीवरून ताई दोनदा पडल्या होत्या. स्वयंपाकघराची जमीन उचलून बैठकीच्या बरोबरीला आणायची, नवी फरशी बसवायची, उंबरा सपाट करायचा, एवढं काम. पंधरा दिवसांचं. मी दुसऱ्या दिवशी घर उघडलं.

काटकोनचं आणि ताईंचं चांगलं जमलं. त्या उंबऱ्याशी स्टूल टाकून बसायच्या आणि तो काम करता करता त्यांना सांगायचा, आता खिडकीकडची ओळ झाली, आता तुमच्या ओट्यापाशी आलो. त्या फरशीचा आवाज ऐकून सांगायच्या की ही पोकळ वाजते. एकदा खरोखरच पोकळ निघाली आणि तो माझ्याकडे येऊन कौतुकानं म्हणाला, त्या बाईला डोळे असते तर माझी नोकरी गेली असती. मागची अर्धी जमीन उचलून झाली होती, पुढची अर्धी खणलेली होती. म्हणजे आता एका पायरीऐवजी आधी खड्डा आणि मग चढ, अशी अवस्था होती.

नेमका तेव्हा मला दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्याचा तळमजला मिळाला. तीन महिन्यांचं काम, आणि फरशी सुबक हवी ही त्यांची अट. सुबक म्हणजे काटकोन. मी त्याला म्हणालो, पिशवी उचला, उद्यापासून तिकडे. तो पहिल्यांदा माझ्यावर चिडला. म्हणाला, अरे, त्या बाई पडतील. मी म्हणालो, आठ दिवसांचा प्रश्न आहे, फळ्या टाकून ठेवू. तो बराच वेळ थापी पुसत राहिला. मग त्यानं स्वतः दोन फळ्या टाकल्या, ताईंना त्यांच्यावरून चारदा चालवून आणलं आणि माझ्यामागून निघाला.

आठ दिवसांचे तीन महिने झाले. काटकोन रोज विचारायचा, मी रोज उद्या म्हणायचो. नर्सबाईंचा फोन यायचा तेव्हा मी मिस्त्री आजारी आहे म्हणायचो. मग मिस्त्रीच्या घरी कुणी आजारी आहे म्हणायला लागलो. नंतर नंतर फोन उचलणंच सोडलं. त्या काळात ताई बैठकीच्या खोलीतून पुढे गेल्याच नाहीत. नर्सबाई सकाळी ड्युटीवर जाताना पाण्याचा तांब्या आणि डबा त्यांच्या खाटेशी ठेवायच्या आणि संध्याकाळपर्यंत ती बाई त्या एका खोलीत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणावंसं वाटतं, पण नर्सबाईंनी फोनवर हेच सगळं सांगितलं होतं. मीच कानावर हात ठेवले होते.

मग एक दिवस टपालानं पत्र आलं. परवाना कार्यालयाकडे तक्रार. काम अर्धवट सोडणे, खोटी कारणे देणे, दृष्टिहीन व्यक्तीच्या जिवाला धोका. तारखा, फोनच्या वेळा, फोटो, सगळं टाचणी लावून. बाई नर्स होत्या, नोंदी ठेवायची सवय होती. बायकोनं पत्र वाचलं आणि सरळ सांगितलं, की चूक झाली म्हणा, आठ दिवसांत काम पुरं करा, दंड भरा आणि मोकळे व्हा. ते मला जमलं असतं. पण दवाखान्याचं काम हातात होतं आणि तिथे परवाना स्वच्छ हवा होता.

तक्रारीच्या उत्तराचा एक छापील कागद असतो. त्यात खाली एक रकाना आहे. कारागीर परस्पर काम सोडून गेला असल्यास त्याचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता. तो रकाना भरला की परवानेवाल्याला फक्त ताकीद मिळते. धंद्यातले लोक तो कुठल्यातरी गाव सोडून गेलेल्या मजुराच्या नावानं भरतात. मला कुणी गेलेला मजूर आठवेना. शिवाय बाईंनी फरशीच्या मिस्त्रीचं वर्णन लिहिलं होतं, गुडघ्यांसकट.

मी पेन उघडलं आणि लक्षात आलं की काटकोनचं पूर्ण नाव मला माहीत नाही. सव्वीस वर्षं ज्याच्या हातचं खाल्लं त्याच्या बापाचं नाव माहीत नाही. मी त्याला फोन लावला. म्हणालो, काका, जरा तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख, पत्ता, एक कागद भरायचाय.

पलीकडे त्याचा आवाज बदलला. नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, मी न विचारता आईचंही सांगितलं. नावातलं एक अक्षर लोक चुकवतात, ते दोनदा सांगितलं. मग जन्मतारीख सांगून म्हणाला, "बरं झालं, वेळेत आठवलं तुला. साठीच्या आत लागतो ना अर्ज. अकरा महिने आहेत अजून." मी हो म्हणालो. तो म्हणाला, "फोटो लागत असतील. काढून ठेवतो."

त्याला वाटलं मी दाखला भरतोय. मला कळलं होतं की त्याला तसं वाटलंय. तेव्हा पेन खाली ठेवता आलं असतं. मी नाही ठेवलं. सगळं नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं, ते चुकणारं अक्षरसुद्धा बरोबर लिहिलं.

सुनावणीच्या दिवशी मी त्याला एवढंच सांगितलं की कार्यालयात या, सही लागेल. तो माझ्या आधी येऊन बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, मांडीवर पाकीट. पिशवी आणली नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावे ते त्याला समजत नव्हतं. कारकुनानं विचारलं, नोंदीसाठी फोटो आणलाय का? त्यानं पाकिटातून दोन फोटो काढून दिले आणि माझ्याकडे बघून हसला. स्टुडिओत जाऊन काढलेले फोटो होते, मागे निळा पडदा. त्या फोटोतही तो तसाच हसत होता.

आत तपासनीस साहेब, एका बाजूला नर्सबाई, एका बाजूला आम्ही दोघं. साहेबांनी माझं उत्तर मोठ्यानं वाचलं. सदर मिस्त्री कोणतीही पूर्वसूचना न देता काम सोडून निघून गेला, वारंवार निरोप पाठवूनही आला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी काटकोनचं पूर्ण नाव घेतलं आणि हे तुम्हीच का असं विचारलं. एवढं पूर्ण नाव बहुतेक त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी घेतलं असेल. तो उठून उभा राहिला. धरायला भिंत नव्हती म्हणून टेबल धरलं.

"हे खरं आहे का?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही काम अर्धवट टाकून गेलात?"

तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. समोरच्या भिंतीचा कोपरा बरोबर आहे की नाही हे पाहताना बघायचा तसा. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघितलं. एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. नर्सबाईंना बहुधा संशय आला होता. त्या म्हणाल्या, मिस्त्री, खरं सांगा, तुम्हाला कुणी नेलं का?

तो म्हणाला, "गेलो मी. पाय माझेच होते."

साहेबांनी लिहून घेतलं. मला ताकीद मिळाली आणि पंचेचाळीस दिवसांत काम पुरं करायचा हुकूम. काटकोनचं नाव काम सोडून जाणाऱ्या कारागिरांच्या यादीत तीन वर्षांसाठी. ज्याचं नाव यादीत त्याला परवान्याचा अर्ज करता येत नाही, हे कारकुनानं त्याला समजावून सांगितलं. जिन्यात मी त्याचा दंड धरला आणि काहीतरी बोललो, मजुरांची पोटं, दवाखान्याचं काम, असलंच काहीतरी. त्यानं हात सोडवून घेतला नाही. म्हणाला, येतो साहेब. आम्ही दोघंच होतो जिन्यात, आणि तो साहेब म्हणाला.

त्यानंतर तो माझ्याकडे कामाला आला नाही. दवाखान्याची उरलेली फरशी दुसऱ्या मिस्त्रीनं बसवली, आणि ती कशी झाली ते विचारू नका.

चाळिसाव्या दिवशी, हुकूम मोडायला नको म्हणून, मी माणसं घेऊन नर्सबाईंकडे गेलो. बाईंनी दार उघडलं, माणसांना बाहेरच थांबवलं आणि मला एकट्याला आत घेतलं. स्वयंपाकघर पुरं झालेलं होतं. जमीन बैठकीच्या बरोबरीला, उंबरा सपाट, सांधे एका ओळीत. कुणी केलं ते विचारायची गरज नव्हती. सुट्टीच्या दिवशी सकाळी येत होता, असं बाईंनी सांगितलं. चहाशिवाय काही घेतलं नाही. ताई ओट्यापाशी उभ्या राहून भांडं विसळत होत्या.

उंबऱ्याजवळ एक फरशी नव्हती. तिथे चौकोनी खाच होती आणि तिच्यावर पाट टाकला होता. फरशी भिंतीला टेकवून ठेवलेली. मी म्हणालो, ही तुम्ही ठेवायची, त्याची तशी पद्धत आहे. ताई तिकडे तोंड न वळवता म्हणाल्या, "आम्हाला माहीत आहे पद्धत. पण ते म्हणाले, ही तुमची नाही, त्याची आहे. तो येईल."

आणखी काही म्हणाला का, असं मी विचारलं. नाही, एवढंच. मी घड्याळ बघितलं, माल आणलेला नाही म्हणालो, उद्या येतो म्हणालो. खोटं बोलायची इतकी सवय झालेली होती की माल बाहेर टेम्पोत पडलाय हे माझ्या लक्षातही आलं नाही. खरं तर मला कळलं होतं की ती फरशी बसवायची तर आधी कार्यालयात जाऊन खरं सांगावं लागेल. त्या खाचेपाशी गुडघे टेकून मला पुन्हा खोटं बोलता आलं नसतं. म्हणून मी गेलोच नाही.

उद्या, मग परवा. तुम्हाला आता माझी चाल पाठ झाली असेल. एक वर्ष उलटलं, वर दोन महिने झाले. ताई रोज तो पाट ओलांडत असतील हे मनात यायचं आणि मी दुसऱ्या कुठल्यातरी कामाला लागायचो. बायकोनं पहिले काही महिने विचारलं, मग सोडून दिलं. एकदा मी जेवताना कुणाला तरी फोनवर उद्या येतो म्हणालो, तर ती ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. घरात ती माझ्याशी वाईट वागली नाही. पण कोपऱ्यात जाऊन बसा, असं गमतीनं म्हणणं तिनं बंद केलं.

मग परवान्याच्या नूतनीकरणासाठी कार्यालयात गेलो. रांग लांब होती आणि मी उभा होतो त्या भिंतीवर यादीचा फळा होता. सावध राहा, असं वर मोठ्या अक्षरात, आणि खाली फोटो. अकरा फोटो होते. दहा जण गुन्हेगारासारखे दिसत होते, कारण तसा फोटो काढताना कुणीही तसाच दिसतो. अकरावा निळ्या पडद्यासमोर इस्त्रीचा शर्ट घालून हसत होता. माझ्या मागे उभी असलेली एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, हा बघा, किती साधा दिसतो, आणि बघा. मी रांगेत दोन पावलं पुढे सरकलो. तिसरं पाऊल उचलेना. लाज वाटली म्हणतात ना, ती मला आयुष्यात अनेकदा वाटली आहे, पण त्या दिवशी मला माझी किळस आली.

रांग सोडून मी तपासनीस साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. मी नेला त्याला, मी खोटं लिहिलं, त्यानं माझ्यासाठी ते अंगावर घेतलं. साहेबांना आश्चर्य वाटलं नाही. लेखी द्या म्हणाले. लिहून दिलं. माझा परवाना महिनाअखेरीपासून दोन वर्षांसाठी गेला, खोट्या जबाबाचा दंड वेगळा. काटकोनचं नाव यादीतून काढायचा हुकूम तिथल्या तिथे झाला. मी बाहेर येऊन स्वतः तो फोटो फळ्यावरून काढला. मग कारकुनाकडून दाखल्याचा कोरा फॉर्म मागितला. सव्वीस वर्षांत इतक्या झटपट मी काही केलं नव्हतं. सात वर्षांऐवजी सव्वीस लिहिली, सही केली, शिक्का मारला. शिक्का माझ्या बॅगेतच होता. तो नेहमीच तिथे असायचा.

कारकुनानं फाइल उघडून माझ्याच अक्षरातली जन्मतारीख वाचली. बोटं मोडून हिशेब केला. म्हणाला, याला साठ पूर्ण होऊन पाच महिने झाले. आता अर्ज चालत नाही.

मी त्याला काय काय म्हणालो ते सांगत नाही. तो बिचारा काय करणार? चौदा महिने माझ्या खिशात होते, त्याच्या नव्हेत.

दाखला घेऊन मी काटकोनच्या घरी गेलो. तो दारात बसून कुणाच्या तरी खुर्चीचे पाय सारखे करत होता. आताशा असलीच कामं मिळत होती त्याला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कार्यालयातलं, यादीचं, माझ्या परवान्याचं. माफी मागितली. मधेच रडलोही. तो ऐकत होता. मी थांबलो तेव्हा त्यानं एकच विचारलं.

"ती फरशी बसवलीस?"

मी नाही म्हणालो.

"मग आधी ती बसव," तो म्हणाला आणि आत जाऊन पिशवी घेऊन आला.

नर्सबाई ड्युटीवर होत्या, ताईंनीच दार उघडलं. आवाजावरून दोघांना ओळखलं. पाट उचलला, खाच साफ केली. मी माल कालवला, पसरला, फरशी ठेवली, तळवा टेकवला. काटकोननं ठोके दिले नाहीत. ताईंना म्हणाला, चालून बघा. त्या बैठकीतून अनवाणी आल्या, उंबऱ्याशी त्यांचं पाऊल थबकलं. म्हणाल्या, इथे लागतंय.

"उचल," काटकोन म्हणाला.

मी उचलली. पुन्हा पसरलं, पुन्हा ठेवली. पुन्हा पाऊल थबकलं. उचल. तिसऱ्यांदा माझे गुडघे भरून आले, घाम डोळ्यात जायला लागला. तो बाजूला भिंत धरून उभा होता. शेवटी वाकला, माझं मनगट धरून थापीचा कोन बदलला आणि म्हणाला, अरे, अशी धर, पहिल्या वर्षी सांगितलं होतं. अरे म्हणाला. चौथ्या वेळी ताई बैठकीतून निघाल्या, उंबरा ओलांडून ओट्यापर्यंत गेल्या आणि मधे कुठेच थांबल्या नाहीत. त्यानं दोन ठोके दिले.

पिशवी भरून निघताना मी त्याला दाखला दिला. खिशात राहून चुरगळला होता. चष्मा नव्हता म्हणून त्यानं लांब धरून बघितला, आपलं नाव बोटानं वाचलं, ते चुकणारं अक्षर बरोबर आहे का ते पाहिलं. बरोबर होतं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता, राग नव्हता. खरंच विचारावं तसं त्यानं विचारलं.

"आता याचं काय करू मी?"

त्यानं कागदाची चौकोनी घडी घातली, कडा नखानं दाबल्या आणि ती घडी पिशवीत गुण्याच्या खाली ठेवली.